माडावर चढणाऱ्याचा जीव सांभाळा : पट्टा, दोर, हातमोजे आणि चढण्याचे यंत्र



मागच्या कार्यक्रमात माडाच्या खतपाण्याविषयी बोललो. त्यानंतर एका श्रोत्यांचे पत्र आले. ते लिहितात : "माझ्या वाडीत चाळीस माड आहेत. पाडेली काका साठीच्या घरात आलेत. त्यांना म्हटलं, कमरेला पट्टा घ्या, मी पैसे देतो. तर ते हसून म्हणाले, 'आमचो आजो असोच चढलो, बापूस असोच चढलो, माका पट्टो कित्याक?' आता मी काय करू?"

प्रश्न चांगला आहे आणि तो एकट्या त्यांचा नाही. कोकणपट्टीत आणि गोव्यात जिथे जिथे माड आहे, तिथे घरोघरी हेच चालले आहे. जुने पाडेली थकले, नवी मुले या धंद्यात यायला तयार नाहीत. का येत नाहीत, असे विचारले तर पहिले उत्तर मिळते ते पडण्याच्या भीतीचे. म्हणून यावेळी खत नाही, कीड नाही. झाडावर जो माणूस चढतो त्याच्या जिवाविषयीच बोलू.

काकांना उत्तर काय द्यावे?

काकांचे म्हणणे खोटे नाही. आजोबा चढले, बाप चढला. पण पडलेले किती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. जो पडला तो अंथरुणाला खिळला आणि लोक म्हणाले, 'नशिबाचा भोग.' नशिबाची गोष्ट बाजूला ठेवू आणि साधे गणित करू.

आपला बाणवली माड पन्नास फूट, म्हणजे साधारण 15 मीटर सहज वाढतो. तेवढ्या उंचीवरून वस्तू सुटली की जमिनीला टेकायला तिला पावणेदोन सेकंदच लागतात. टेकताना तिचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या आसपास असतो. भरधाव मोटारीने ठोकर द्यावी तसाच हा प्रकार. पावणेदोन सेकंदांत माणूस 'आई गं' एवढेच म्हणू शकतो. हात पुढे करून काही धरायला वेळ मिळत नाही. दीड किलोचा सोललेला नसलेला नारळसुद्धा याच वेगाने खाली येतो. तो खाली उभ्या असलेल्या गड्याच्या डोक्यात बसला तर काय होईल, हे सांगायला नको.

आणि काम किती वेळा? चांगल्या माडावरून साधारण महिना-दीड महिन्याने पाडप करावी लागते. चाळीस माडांची वाडी म्हणजे वर्षाला तीनशे ते पाचशे वेळा वर-खाली. शंभर वेळा पाय घट्ट बसला म्हणून एकशे एकाव्या वेळी बसेलच, असे कुणी सांगावे? काकांना एवढेच म्हणा : "काका, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. झाडावर नाही."

झाड कुठे दगा देते?

माणूस पडतो तो बहुतेक वेळा याच कारणांनी :

1. ओले खोड. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरते. हिवाळ्यात सकाळी दव असते.

2. सुकलेली झावळ. वर पोहोचल्यावर हात पटकन झावळीच्या देठाला जातो. हिरवा देठ भार घेतो, पण सुकत आलेला देठ हिसक्यासरशी सुटून हातात येतो.

3. पोखरलेले खोड. सोंड्या भुंग्याची अळी खोड आतून खाते. बाहेरून झाड ठाकठीक दिसते. खोडाला भोके, त्यातून चोथा किंवा तांबूस चिकट पाणी येत असेल तर त्या माडावर चढू नका. कोंब कुजलेला किंवा वीज पडलेला माडही तसाच.

4. गांधीलमाश्या आणि तांबडे मुंगळे. डंख बसला की माणसाचा हात आपोआप सुटतो.

5. वारा. माडाचा शेंडा जमिनीवरून वाटतो त्यापेक्षा जास्त हलतो.

6. विजेची तार. याबद्दल पुढे वेगळे सांगणार आहे.

आता या यादीकडे पुन्हा पाहा. यातल्या एकाही कारणात पाडेल्याचे कसब कमी पडलेले नाही. म्हणूनच कसब असले तरी पट्टा लागतो.

खोडाला खाचा पाडू नका

चढायला सोपे जावे म्हणून काही ठिकाणी खोडात पायऱ्यांसारख्या खाचा पाडतात. ही सवय सोडा. माडाच्या खोडावरची जखम आंब्या-फणसासारखी भरून येत नाही. खाचेत पाणी साचते, ती कुजते, आणि ओल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. आज पायाला आधार दिलेली खाच चार वर्षांनी झाडाच्या मुळावर उठते आणि चढणाऱ्याच्याही.

पट्टा कसा असावा?

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक नुसता कमरेचा पट्टा. दुसरा खांदे, छाती आणि मांड्या या सगळ्यांना धरणारा, सर्वांगाचा पट्टा. दुकानदार त्याला 'फुल बॉडी हार्नेस' म्हणतात. बांधकामावर, मोबाईलच्या मनोऱ्यावर माणसे घालतात तोच.

नुसता कमरेचा पट्टा झाडाला टेकून उभे राहायला बरा, पण पडताना झेलायला वाईट. सगळा हिसका कमरेवर आणि पोटावर बसतो, मणक्याला इजा होते, आणि माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटूही शकतो. सर्वांगाच्या पट्ट्यात तोच हिसका मांड्या आणि खांदे वाटून घेतात. म्हणून घ्यायचाच तर सर्वांगाचा घ्या.

घेताना काय पाहाल?

- पट्ट्यावर भारतीय मानक संस्थेचे चिन्ह आणि आयएस 3521 हा क्रमांक आहे का, ते बघा. हा क्रमांक उंचीवरच्या कामाच्या पट्ट्यांचा आहे. शिरस्त्राणासाठी आयएस 2925 हा क्रमांक पाहा.
- शिवण सरळ आणि दाट हवी, कुठे सुटलेली नको. कड्या गंजलेल्या नकोत. आकड्याचे तोंड आपोआप मिटणारे आणि कुलूपबंद होणारे हवे.
- घालून बघा. मांडीच्या पट्ट्यात चार बोटे सरळ जावीत, मूठ जाऊ नये.

रस्त्याकडेच्या दुकानात चकचकीत पट्टा निम्म्या किमतीत मिळतो. वर क्रमांक नाही, चिन्ह नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! असा पट्टा घेऊ नका. काही न घालणारा माणूस निदान सावध तरी असतो. खोटा पट्टा घातलेला गाफील राहतो.

दोर : इथेच बहुतेकांची चूक होते

पट्टा चांगला, पण दोर घरचा सुंभाचा! काथ्याचा दोर बैल बांधायला, विहिरीला ठीक. माणसाचा जीव त्यावर टांगू नका. तो पावसाने कुजतो आणि कधी कुजला ते बाहेरून कळत नाही. स्वस्त प्लॅस्टिकचा दोर उन्हाने ठिसूळ होतो. पट्ट्याबरोबर त्याच कामासाठी बनवलेला दोर मिळतो, तोच वापरा.

दोराला गाठ मारली की त्याची ताकद बरीच घटते. म्हणून तुटलेला दोर गाठ मारून जोडणे बंद. तुटला तर तो काजूच्या फांद्या बांधायला द्या.

दुसरी गोष्ट कोयत्याची. धारदार कोयत्याचा एक घाव ताणलेल्या दोरावर बसला की दोर गेलाच. म्हणून खोडाभोवतीचा दोर शक्यतो पोटात पोलादी तार असलेला घ्या. आणि तोडताना घाव नेहमी दोरापासून, मोकळ्या हातापासून लांब जाईल असाच घाला.

तिसरी गोष्ट नीट समजून घ्या. खोडाभोवती नुसते सैल कडे करून दोर बांधला, तर पाय सुटताच ते कडे माणसासकट सरसरत खाली येते. माडाला मध्ये फांदी नाही, ते अडणार कशाला? दोर असा हवा की वजन पडताच तो खोडाला आवळला जाईल. हे पारखायची सोपी रीत सांगतो. गुडघ्याएवढ्या उंचीवर पट्टा-दोर बांधा, खाली माती मऊ करून घ्या, आणि हळूच सगळे वजन दोरावर टाकून पाय मोकळे सोडा. दोर जागेवर राहिला तर ठीक. बोटभरही घसरला तर बांधणी बदला. गुडघ्याच्या उंचीवर जे धरत नाही, ते पन्नास फुटांवर धरणार नाही.

आणि दोर नेहमी छातीच्या वर, शक्य तेवढा आखूड ठेवा. तो पायाशी लोंबत राहिला तर माणूस आधी दोराच्या दुप्पट लांबी पडतो आणि मगच हिसका बसतो.

चढण्याचे यंत्र

आता यंत्राविषयी. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने माडावर चढायचे एक साधे यंत्र तयार केले. ते 'चेंबेरी यंत्र' म्हणून ओळखले जाते. त्याला डिझेल लागत नाही आणि वीजही लागत नाही. उजवा आणि डावा असे त्याचे दोन भाग असतात. प्रत्येकाला एक लोखंडी चौकट, पाय ठेवायची जागा, हाताची मूठ आणि खोडाभोवती जाणारा तारेचा दोर.

काम असे चालते : पायावर भार दिला की तारेचा फास खोडाला आवळतो. भार काढला की सैल पडतो. मग हाता-पायाने तो भाग वीतभर वर सरकवायचा आणि त्यावर भार देऊन दुसरा भाग वर घ्यायचा. जिना चढल्यासारखे एकेक पाऊल. छाती खोडाला घासत नाही, पावलांना भेगा पडत नाहीत, आणि ज्याला पूर्वी कधी चढता येत नव्हते असा माणूसही थोड्या सरावाने चढू शकतो.

नारळ विकास मंडळाने केरळात 2011 साली 'नारळाच्या झाडाचे मित्र' या नावाने तरुणांना असे चढायला शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात बायकाही शिकल्या आणि माडावर चढू लागल्या. आमच्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे.

पण एक गोष्ट ठासून सांगतो. यंत्र चढायला मदत करते, पडताना झेलत नाही. मूळच्या यंत्राला झेलणारा दोर नव्हता. पुढे कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने त्याला सुरक्षेची जोड तयार केली. म्हणून यंत्र घ्याल तर सुरक्षेच्या जोडीसकट घ्या, किंवा यंत्रावर चढतानाही वेगळा पट्टा-दोर वापरा. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने बसून चढायचे यंत्रही तयार केले आहे. ज्यांना उभ्याने भीती वाटते त्यांनी ते पाहावे.

वापरताना : खोड वर निमुळते होते, म्हणून तारेचा फास खालीच योग्य मापाला लावून घ्या. तारेचा एखादा पदर जरी तुटून काट्यासारखा वर आला असेल तर तार बदला. ओल्या खोडावर आणि फार कललेल्या माडावर यंत्र नको.

हातमोजे, पाय, डोके, डोळे

हातमोजे हाताला घट्ट बसणारे हवेत. तळव्याला रबराचे ठिपके असलेले सुती मोजे किंवा मऊ चामड्याचे मोजे माडाच्या कामाला चालतात. ढगळ मोजा मुठीत गोळा होतो आणि पकड सुटते. भिजलेला मोजा बदला. ज्याला कोयता मोज्याने नीट धरता येत नाही, त्याने कोयत्याच्या हातात मोजा न घालता फक्त आधाराच्या हातात घालावा.

अंगात पुऱ्या बाह्यांचा जाड सदरा आणि अंगाबरोबरची विजार घाला. पंचा, लुंगी, गळ्यातला रुमाल अडकतो. पायफासाने चढणारा अनवाणी चढतो, त्याला ते ठीक. यंत्रावर मात्र पातळ, न घसरणाऱ्या तळव्याचे बंद बूट घाला. चपला नकोत.

शिरस्त्राणाला हनुवटीखालचा पट्टा हवाच, नाहीतर वर पाहिले की ते मागे पडते. आणि ते आधी खालच्या गड्याला द्या, कारण नारळ त्याच्यावर पडतो. शेंडा साफ करताना भुसा, धूळ, मुंग्या डोळ्यांत जातात, म्हणून चढणाऱ्याला साधा पारदर्शक चष्मा द्या.

कोयता कमरेमागच्या आकडीलाच अडकवा. दातात किंवा विजारीत खोचून चढू नका.

विजेची तार : इथे कोणतेही साधन चालत नाही

कामाचे हातमोजे, मग ते रबराचे ठिपके असलेले का असेनात, विजेपासून वाचवत नाहीत. हिरवी झावळ, ओले खोड, लोखंडी शिडी, ॲल्युमिनियमची काठी, यंत्राची तार या सगळ्यांतून वीज वाहते. तोडलेली झावळ ज्या माडावरून तारेवर पडू शकते, त्यावर वीज मंडळाच्या माणसाकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय चढू नका. आकडीच्या लांब काठीने जमिनीवरून नारळ पाडणाऱ्यांनीही वर तार आहे का, हे आधी पाहावे.

कामाचा क्रम

1. दव सुकल्यावर काम सुरू करा. पाऊस, जोराचा वारा, गडगडाट असेल तर उद्या करा. नारळ एक दिवस थांबतो.
2. माडाभोवती एक चक्कर मारा. खोड, शेंडा, माश्यांचे पोळे, तार पाहा.
3. पट्टा, दोर, यंत्र हाताने चाचपून पाहा. दोर बोटांतून ओढून बघा, कुठे चपटा, मऊ, जळलेला किंवा कापलेला लागतो का ते पाहा.
4. माडाच्या बुंध्यापासून निदान 10 मीटरपर्यंत पोरे, गुरे, माणसे येऊ देऊ नका. खालचा गडी बाजूला उभा राहून लक्ष ठेवील. वरच्याने 'झालं' म्हटल्यावरच पुढे येऊन नारळ गोळा करील.
5. वर गेल्यावर आधी दोर पक्का करा, मग हात मोकळा करा, मग कोयता काढा. हाच क्रम.
6. शहाळी आणि मोठी पेंड दोराने खाली सोडा. शहाळी फुटत नाहीत आणि कुणाच्या डोक्यातही बसत नाहीत.
7. दारू पिऊन, तापात, चक्कर येत असताना, रात्री जागरण झाले असताना चढू नका. मालकानेही चढू देऊ नये.
8. एकट्याने कधीही चढू नका. वाडीत हाक ऐकायला कुणीतरी हवे.

कुणी पडला किंवा पट्ट्यात लटकला तर

पट्ट्याने झेलले म्हणजे काम संपले नाही. माणूस न हलता लटकत राहिला तर पायात रक्त साचते आणि थोड्या मिनिटांत त्याची शुद्ध हरपू शकते. शुद्धीवर असेल तर त्याला पाय हलवत राहायला आणि खोडाला पाय लावून भार घ्यायला सांगा. लगेच खाली उतरवा. त्यासाठी दुसरा चढणारा, दुसरे यंत्र किंवा शिडी कुठे आहे, हे काम सुरू करण्याआधीच ठरवून ठेवा.

पडला असेल तर चौघांनी हातपाय धरून उचलू नका. मान किंवा पाठ मोडली असेल तर अशा उचलण्यानेच माणूस कायमचा लुळा होतो. डोके-मान सरळ रेषेत स्थिर धरा, रक्त येत असेल तिथे स्वच्छ फडके दाबून धरा, पाणी-चहा पाजू नका, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. श्वास कोंडत असेल किंवा जागा धोक्याची असेल तरच, मान सांभाळून, हलवा.

खर्च कुणाचा?

शेवटी मालकांना दोन शब्द. पाडेली तुमच्या फायद्यासाठी वर चढतो. पट्टा, दोर, शिरस्त्राण यांचा खर्च त्याच्या मजुरीतून कापू नका. एकट्याला जड वाटत असेल तर वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक संच घ्या. तो कोरड्या, सावलीच्या जागी टांगून ठेवा. खत, कीटकनाशक, बॅटरीच्या आम्लाजवळ ठेवू नका. एकदा कुणी त्यावर पडला, झेलला गेला, की तो पट्टा आणि दोर कापून टाका, दुसरा घ्या. त्याने आपले काम केले.

नारळ विकास मंडळाची माडावर चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' नावाची विमा योजना आहे. सध्याचा हप्ता आणि भरपाई किती, हे मंडळाकडे किंवा आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा आणि आपल्या पाडेल्याचे नाव घाला. नवीन लागवड करताना ठेंगू किंवा संकरित जातीचे काही माड लावा. निदान पुढची काही वर्षे शिडीने किंवा काठीने पाडप होईल.

आणि पाडेली काकांनो, तुम्हाला एकच विनंती. तुमच्या हातात जे आहे ते आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. कोणत्या पेंडीत पाणी गोड, कुठला नारळ आठ दिवसांनी उतरवायचा, हे तुम्ही वर बसून सांगता. ते पुढच्या पोराला शिकवायला तुम्ही असायला हवे. पट्टा घाला. पहिले चार दिवस अवघड वाटेल, पाचव्या दिवशी नसला तर चुकल्यासारखे वाटेल.

ज्यांनी पत्र लिहिले त्या श्रोत्यांनी हे पत्रक काकांना वाचून दाखवावे, आणि काका काय म्हणाले ते आम्हाला जरूर कळवावे.

नमस्कार.